वसूला न दिलेला निरोप

ज्योतीचा फोन आला तेव्हा मी अंगणात खुर्ची टाकून दाढी करत होतो. अर्ध्या गालाला साबण तसाच होता. ती म्हणाली, "सर, बाई गेल्या." मी विचारलं, "कोण बाई?" खरं तर मला कळलं होतं. ज्योतीच्या तोंडी नुसतं 'बाई' आलं की ती एकच व्यक्ती असायची. पण माणूस अशा वेळी उगाच दोन क्षण मागून घेतो. "आपल्या वसुधाबाई. पहाटे, शेवगावलाच. झोपेतच..." मी साबण पुसला आणि तसाच बसून राहिलो. पहिला विचार काय आला ते लिहिलं पाहिजे, कारण हा लेख त्याचसाठी आहे. दुःख नंतर आलं. पहिला विचार असा आला, की आता तिला कधीच सांगता येणार नाही.

वसुधा माझी मामेबहीण. माझी आई शेवगावची, आम्ही देवळाली प्रवऱ्याचे. सुट्टीत मामाकडे गेलं की वसू माझ्या मागे मागे असे, आणि थोडी मोठी झाल्यावर मी तिच्या मागे मागे असे, कारण सगळ्या कल्पना तिच्या असत. मी तिच्याहून मोठा, पण ती मला अरे-तुरेच करायची आणि अप्पा म्हणायची. तिने मानसशास्त्र घेतलं तेव्हा मामांना वाटलं पोरगी वेड्यांच्या दवाखान्यात नोकरी करणार. ती गेली श्रीलंकेत, मग जॉर्डनमधल्या निर्वासितांच्या छावण्यांत. तिथे ती स्वतः मुलांवर उपचार करत नसे. ती शिक्षकांना, परिचारिकांना, छावणीतल्या समाजसेविकांना शिकवायची. युद्धातून आलेल्या मुलाजवळ कसं बसायचं, काय बोलायचं, आणि मुख्य म्हणजे काय बोलायचं नाही, ते. लग्न तिने केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "सामान कुठे ठेवायचं हेच ठरलं नाही कधी." निवृत्त होऊन ती शेवगावला आली तेव्हा मीही मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो होतो आणि एका शिक्षणसंस्थेचा सेक्रेटरी होतो. संस्थेचं नाव मी घेत नाही. आज तिथे वेगळी माणसं आहेत, त्यांचा यात काही संबंध नाही.

त्या काळात आमच्या संस्थेने एक चांगलं काम हाती घेतलं. जम्मूकडच्या, सीमेला लागून असलेल्या गावांतली काही मुलं शिकायला आणायची. त्यांच्या गावांवर तोफगोळे पडत, शाळा महिनोन् महिने बंद असत. काहींची घरं गेली होती, काहींची घरातली माणसं. आमचं एक वसतिगृह राहुरीच्या दक्षिणेला, मुळेच्या कालव्याजवळ, उसाच्या शेतांत रिकामं पडलं होतं. भोवती हिरवंगार, हवा चांगली, शेजारी शाळा. मीच जागा सुचवली. लढाईपासून इतक्या लांब दुसरी शांत जागा नाही, असं मी बैठकीत म्हणालो होतो आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. मुलं आली. लहान-मोठी, गोरीपान, अंगात दोन-दोन स्वेटर. आणि मी वसूला बोलावलं, की बाई, आमच्या शिक्षकांना जरा तयार कर.

तिचा पहिला वर्ग मला अजून दिसतो. शिक्षक, वसतिगृहाच्या मावशी, रेक्टर, आरोग्यकेंद्रातल्या सिस्टर, सगळ्यांना तिने सतरंजीवर गोल बसवलं. नुकतीच शिक्षिका म्हणून लागलेली ज्योती त्यांत सगळ्यांत लहान. वसूने विचारलं, तुम्ही लहानपणी रडायचात तेव्हा घरचे काय म्हणायचे? कुणी म्हणालं, गप बस. कुणी म्हणालं, पाहुणे बघतायत. कुणी म्हणालं, शहाणा ना तू? पीटीचे मास्तर म्हणाले, "आम्हाला काय म्हणत न्हवते बाई, डायरेक निरगुडीचा फोक." सगळे हसले, वसू सगळ्यांत जास्त. मग म्हणाली, "मास्तर, जे मिळालं तेच माणूस पुढे वाटतो. या मुलांना वाटायला आपल्याला दुसरं काहीतरी शोधावं लागेल." एवढ्यात खिडकीची काच थरथरली. लांबून एक धम्म आवाज आला, मग पाठोपाठ आणखी. वसू बोलता बोलता थांबली. म्हणाली, "काय होतं ते?" सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कुठं काय? मग पीटीच्या मास्तरांच्या लक्षात आलं. "ते व्हय. रेंजवर चाललंय."

बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. आमच्या बाजूला डोंगरापलीकडे लष्कराची सरावाची रेंज आहे. रणगाड्यांचा, तोफांचा सराव तिथे पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. ते त्यांचं कामच आहे, त्यांना कुणी दोष देऊ नये. आमच्याकडे त्या आवाजात बायका भाकऱ्या थापतात, पोरं परीक्षा देतात, लग्नं लागतात. आम्हाला तो ऐकूच येत नाही. तोफगोळ्यांतून सुटलेली मुलं आम्ही तोफांच्या आवाजात आणून ठेवली होती, आणि एवढ्या शिकलेल्या माणसांपैकी एकाच्याही ते डोक्यात आलं नव्हतं. जागा मी निवडली होती. मी तर जन्मापासून तो आवाज ऐकत आलो होतो.

वसू वर्ग तसाच टाकून मुलांच्या हॉलकडे धावली. मागोमाग मी. हॉल रिकामा दिसत होता. मावशी कौतुकाने म्हणाल्या, "लई खोडकर हायेत बाई. सारखी लपाछपी चालती. आत्ता बगा, समदी खाटांखाली." वसू दारातच खाली बसली. एका खाटेखाली रेशमा होती, बारा-तेरा वर्षांची. धाकट्या भावाला, गुड्डूला, तिने पोटाशी घेतलं होतं आणि त्याचे दोन्ही कान हातांनी दाबून धरले होते. तिचे स्वतःचे कान उघडेच होते.

त्या दिवशी मी वसूला जे वाक्य बोललो ते तिने पुढे प्रत्येक प्रशिक्षणात सांगितलं, माझं नाव न घेता. मी म्हणालो, "सवय होईल गं त्यांना. आम्हाला नाही का झाली?" ती माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "तुमच्या घरावर पडला नाही ना, अप्पा."

मग तिने जी पद्धत बसवली ती साधी होती. जागा बदलणं लगेच शक्य नव्हतं. ती म्हणायची, आवाज थांबवणं आपल्या हातात नाही, आधी सांगणं हातात आहे. मूल आवाजाला जेवढं भितं त्याहून जास्त त्याच्या अचानक येण्याला भितं. तेव्हा रोज सकाळी प्रार्थनेनंतर मुलांना सांगायचं: आज आवाज आहे, अमुक वेळेपासून, आपल्या सैनिकांचा सराव आहे, इथे काही पडणार नाही. त्या दिवशी वर्ग नाहीत, कार्यक्रम नाहीत. मागच्या बाजूच्या खोलीत सगळ्यांनी मुलांबरोबर बसायचं, आवाज आला की 'आला' म्हणायचं, संपला की 'संपला' म्हणायचं. आणि ज्या दिवशी नाही त्या दिवशी तेही सांगायचं, आज नाही. "हे 'आज नाही' फार महत्त्वाचं आहे," ती शिक्षकांना बजावायची. "त्याच्यावर मूल दिवसभर खेळतं. ते एकदा जरी खोटं ठरलं, तरी तुमचं कुठलंच बोलणं खरं राहणार नाही."

सराव कधी आहे ते कळवायचं काम नामदेवरावांचं. ते रेंजच्या कडेच्या गावचे कोतवाल. सरावाची सूचना आली की तलाठ्याचा निरोप घेऊन घरोघर फिरणारा माणूस. आमचं वसतिगृह त्या हद्दीत येत नव्हतं, पण वसूने त्यांच्या घरी जाऊन, चहा पिऊन, त्यांना विनंती केली होती. फोन असूनही ते सायकलवरूनच यायचे आणि फाटकातूनच सांगायचे. वसू आठवड्यातले काही दिवस शेवगावला असे, इतर शाळांतले शिक्षक तिच्याकडे शिकायला यायला लागले होते. म्हणून ठरलं, की निरोप माझ्याकडे द्यायचा आणि मी वसूला सांगायचा. एवढंच माझं काम होतं.

हळूहळू फरक पडला. मुलं खाटांखाली जाईनाशी झाली. गुड्डू मराठीत शिव्या शिकला, वसूला त्याचाही आनंद. रेशमा मात्र रोज सकाळी प्रार्थना संपली की वसूपाशी येऊन उभी राहायची आणि एकच शब्द विचारायची: "आज?" वसू म्हणायची, "आज नाही." किंवा "आज है, ग्यारह बजे से." मग ती जाऊन गुड्डूला सांगायची. वसू नसली की ज्योतीला विचारायची, पण ज्योतीने सांगितलेलं तिला पुरेसं वाटायचं नाही. म्हणून वसू पहिल्या एसटीने यायला लागली. मी चिडवायचो, "एका शब्दासाठी शेवगावहून येतेस?" ती म्हणायची, "तुझ्या सबंध भाषणाला तरी कुणी पहाटेची एसटी पकडेल का रे?"

आता त्या दिवसाबद्दल.

संस्थेचे अध्यक्ष पुण्याहून पाहुणे घेऊन येणार होते. मुलांनी गाणं बसवलं होतं, मांडव घातला होता. आदल्या दिवशी संध्याकाळी नामदेवराव फाटकात आले. म्हणाले, "सर, उद्या हाय बरं का. अकरानंतर. बाईंना सांगा." मी म्हटलं, "सांगतो." ते गेले. मी तिथेच फाटकाला धरून उभा राहिलो. निरोप दिला तर वसू कार्यक्रम रद्द करणार, यात शंका नव्हती. पाहुण्यांसमोर रिकामा मांडव आणि मागच्या खोलीत बसलेली मुलं. आणि मला तर त्यांना दाखवायचं होतं, की बघा, आमच्याकडे येऊन मुलं कशी हसायला लागलीत. मी मनाशी म्हटलं, लाउडस्पीकरच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार आहे. मी मनाशी म्हटलं, आता सवय झाली असेल.

सकाळी वसू आली. पिशवी खांद्यालाच होती. मी मांडवात खुर्च्या लावून घेत होतो. तिने लांबूनच विचारलं, "अप्पा, नामदेवरावांचा काही निरोप?"

मी म्हणालो, "नाही."

ती तशीच प्रार्थनेला गेली. रेशमा तिच्याजवळ आली, तेही मी पाहिलं. वसूने वाकून तिला काहीतरी सांगितलं आणि तिच्या गालाला हात लावला. काय सांगितलं असेल ते मला मांडवातूनही कळत होतं. तेव्हाही वेळ होती... मी खुर्च्या मोजत राहिलो.

मुलं गाण्याच्या दुसऱ्या कडव्यावर होती. त्या दिवशी आवाज नेहमीपेक्षा मोठे होते, की मी प्रथमच त्यांची वाट पाहत होतो म्हणून तसे वाटले, सांगता येत नाही. पहिल्या आवाजाला गाणं अडखळलं. दुसऱ्याला मुलं मंचावरून उतरली, खुर्च्यांखाली, पाहुण्यांच्या पायांत घुसली. अध्यक्षांना कळेना काय चाललंय. वसू, ज्योती, पीटीचे मास्तर, सगळे शिकवल्याप्रमाणे जमिनीवर बसले, मुलांना जवळ घेऊन 'आला', 'संपला' म्हणू लागले. पण त्याला आता काही अर्थ उरला नव्हता. रेशमा आणि गुड्डू मांडवात नव्हते.

दुपारभर आम्ही त्यांना शोधलं. कालव्याच्या कडेने, शाळेत, रस्त्याला. शेवटी दिवस कलता कलता उसात सापडले, आत, पार मध्यभागी. उसाच्या पात्यांनी दोघांचे हात, तोंड चिरलं होतं. रेशमा गुड्डूच्या अंगावर पालथी पडली होती. वसू गुडघ्यांवर रांगत तिच्यापर्यंत गेली. मी उसाच्या दोन ओळींमधल्या सरीत उभा होतो, मला स्पष्ट ऐकू आलं. रेशमा रडत नव्हती. ती म्हणाली, "बाई, आपने तो बोला था, आज नहीं है."

वसूने दोघांना उसातून बाहेर आणलं. नंतर, मुलीला झोपवून आल्यावर, तिने मला विचारलं, "अप्पा, खरंच निरोप नव्हता आला ना?" ती आरोप करत नव्हती. तिला फक्त कुठे चुकलं ते समजून घ्यायचं होतं. तेव्हा मी खरं सांगितलं असतं तर... पण मी दुसऱ्यांदा म्हणालो, "नाही, वसू." तिने मान हलवली. म्हणाली, "मग नामदेवरावांना जमलं नसेल यायला. काही अडचण असेल. पण मी त्यांना स्वतः फोन करायला हवा होता. मी दुसऱ्यावर का विसंबले?" मी म्हटलं, आपण नामदेवरावांना विचारू या. मनातून घाबरूनच म्हटलं. ती पटकन म्हणाली, "नको, नको. कुणाच्या कानावर गेलं तर गरिबाची नोकरी जाईल. आणि विचारून काय होणार आहे?"

संस्थेची बैठक झाली. मी सेक्रेटरी, टेबलाच्या या बाजूला. वसू त्या बाजूला. अध्यक्षांनी विचारलं, सूचना का मिळाली नाही? ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "खात्री करण्याची जबाबदारी माझी होती. मी केली नाही." नामदेवरावांचा तिने उल्लेखही केला नाही. एक सभासद म्हणाले, एवढी परदेशात जाऊन आलेली बाई, आणि साधा एक फोन करता आला नाही. मी पाण्याचा ग्लास उचलला, प्यायलो, खाली ठेवला. प्रशिक्षण बंद झालं. तिला येऊ नका असं सांगायचं कामही माझ्याकडेच आलं आणि मी ते केलं. मुलांचे पालक, मामा, काका येऊन त्यांना घेऊन गेले. परत त्याच गावांत. निघताना रेशमा वसूच्या समोरून गेली, पण काही विचारलं नाही. पुढे तिची खबर मिळाली नाही. वसूने खूप प्रयत्न केले.

दुसरी एखादी बाई खचली असती. वसूने शेवगावला घरातच वर्ग सुरू केले. मग नगरला, पुणतांब्याला, जिथे बोलावतील तिथे. ऊसतोडीच्या मुलांचे शिक्षक, महापुरातून आलेल्यांसाठी काम करणाऱ्या मुली, बालगृहांचे अधीक्षक. तिच्या हाताखाली तयार झालेली माणसं पुढे लांबलांब गेली, युद्धाच्या छावण्यांतसुद्धा. आणि प्रत्येक वर्गाच्या शेवटी ती एक गोष्ट सांगायची. तिच्या विद्यार्थ्यांत त्या गोष्टीला नावच पडलं होतं, 'बाईंची चूक'. एकदा एका मुलीला मी सांगितलं आज नाही, आणि खात्री केली नव्हती... ती सांगताना कुठे काही सौम्य करायची नाही. "चूक लपवणारा माणूस या कामात नको," ती म्हणायची, "मुलाला ते आपल्या आधी कळतं."

नगरच्या एका वर्गाला मी गेलो होतो. मला तिथे पाहुणा म्हणून तिनेच बोलावलं होतं, शेवटच्या रांगेत मी बसलो होतो. गोष्ट सांगता सांगता तिने माझ्याकडे हात केला. "माझे आतेभाऊ बसलेत तिथे. त्या दिवशी ते हजर होते. विचारा हवं तर, मी खोटं सांगत नाही." सगळ्या वर्गाने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

तुम्ही विचाराल, का? मलाही अजून सापडलेलं नाही. आधी अब्रू होती. मग वाटलं, आता ती सावरलीय, कशाला उकरायचं. मग माझी पत्नी आजारी पडली, आणि वसू महिनाभर आमच्या घरी येऊन राहिली, तिचं सगळं केलं. ती अशी रात्रंदिवस राबत असताना कोणत्या तोंडाने सांगणार? खोटं जुनं होत गेलं तसं ते सांगणं अवघड होत गेलं. ती मला माफ करणार नाही, अशी भीती मला कधीच नव्हती. ती माफ करील, आणि मग रात्री एकटी बसून त्या वर्षांकडे नव्याने बघेल, याची होती. निदान मी स्वतःला तसं सांगत आलो. आज वाटतं, तेही सोयीचंच होतं.

शेवटी भेटलो तेव्हा ती अंथरुणावर होती. आवाज खोल गेला होता, पण थट्टा तशीच. मला बघून म्हणाली, "आला माझा सेक्रेटरी. बैठक कुठे घ्यायची?" मी पलंगाजवळ बसलो. थोडा वेळ मामांच्या घरच्या गप्पा झाल्या. मग ती भिंतीकडे बघत म्हणाली, "अप्पा, रेशमाचं लग्न झालं असेल रे. मुलंबाळं असतील. त्यांना ती काय सांगत असेल सकाळी? ... मी एक फोन केला असता तर." शब्द माझ्या ओठांपर्यंत आले. खरंच आले. मी म्हणालो, "मनाला लावून घेऊ नकोस." ती हसली. म्हणाली, "तू फार चांगला आहेस रे. कधी एका शब्दाने बोलला नाहीस मला." ... यापुढे मला त्या भेटीबद्दल लिहवत नाही.

शेवगावला शोकसभा झाली. हॉल भरला होता. ज्योती आता स्वतः प्रशिक्षण देते, तिनेच प्रास्ताविक केलं. म्हणाली, बाईंचा सगळ्यांत मोठा धडा म्हणजे त्यांनी स्वतःची चूक कधी लपवली नाही. आणि तिने ती गोष्ट सांगितली, वसूच्याच शब्दांत. लोक डोळे पुसत होते. मग मला बोलायला उभं केलं. मी चिंचेच्या झाडाची, मामांच्या बैलगाडीची आठवण सांगितली आणि खाली बसलो.

घरी येऊन चार घास गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी ज्योतीच्या घरी गेलो. तिच्या नवऱ्याने पाणी आणलं, मुलं शाळेत गेली होती. मी सगळं सांगितलं. फाटक, मांडव, खुर्च्या, दोन्ही वेळचं 'नाही'. ती ऐकत होती. मधे काही विचारलं नाही, वसूने शिकवल्याप्रमाणे. मी थांबल्यावर मात्र ती वसूची विद्यार्थिनी राहिली नाही. "सर, मी ही गोष्ट किती मास्तरांना शिकवली असेल? त्या सगळ्यांच्या मनात बाई म्हणजे विसरलेली बाई. आता त्यांना काय सांगू?" मी म्हटलं, खरं सांग. माझं नाव घेऊन सांग. "तुमचं नाव घेऊन काय करू मी? बाई ऐकणार आहेत का?" तिचा आवाज चढला नव्हता. "त्या जाईपर्यंत थांबलात तुम्ही." मी उठलो. दारापर्यंत ती आली नाही. दोन दिवसांनी तिचा निरोप आला. वर्गात ती गोष्ट ती सांगणार आहे, दुरुस्त करून. तुम्हीही छापून येईल असं लिहा, म्हणाली, म्हणजे माझ्या शब्दावर राहणार नाही. म्हणून हे लिहितो आहे. वसुधाने त्या सकाळी विचारलं होतं. तिला खोटं सांगण्यात आलं. खोटं मी सांगितलं. तिची चूक नव्हती.

लेख इथे संपवणार होतो. पण लिहिण्याआधी एका माणसाला भेटायला हवं होतं, कारण माझ्या 'नाही'त त्याच्यावरही ठपका होता. नामदेवराव आता थकलेत, नोकरी संपून बरीच वर्षं झाली. त्यांच्या ओट्यावर बसलो. वसू गेल्याचं त्यांना कळलं होतं. बाजेवर उशाशी त्यांचा बटणांचा मोबाईल होता आणि बोलता बोलता ते तो उचलून बघत, परत ठेवत. मी विचारलं, कुणाचा फोन यायचाय का? ते ओशाळून हसले. "न्हाई वो. सवं लागली हाय. ह्या टायमाला बाईंचा यायचा."

मला कळेना. कुठल्या बाईंचा?

"आपल्या. रोज सकाळी. त्या सालापासनं एक दिस खाडा न्हाई. 'नामदेवराव, आज काय?' इचारायच्या. मी सांगायचो, आज हाय, न्हाईतर आज न्हाई. मी रिटायर झालो तर नव्या कोतवालाला इचारून ठिवायचो. ठीक हाय म्हनायच्या. जेवलात का, गुडघा कसा हाय, आन ठिवायच्या."

मी म्हटलं, पण वसतिगृह तर बंद झालं. मुलं नाहीत तिथे. कशासाठी विचारायची?

"मी बी एकदा बोललो तसं. म्हनल्या, इचारून ठिवलेलं बरं असतं." मग आवाज उतरवून म्हणाले, "खरं सांगू का सर, मला लई वाईट वाटायचं. त्या दिवशी निरोप मिळूनबी बाई इसरल्या. मानूस हाय, हुतं. पन त्यांच्या जिवाला लागलं हुतं ते. म्हनून मी कधी तो इषय काढला न्हाई. एकदाबी न्हाई."

तेव्हा मला समजलं, माझ्या एका शब्दाने काय केलं होतं. इतकी वर्षं रोज सकाळी ती दोन माणसं एकमेकांशी बोलत होती. तिला वाटत होतं हे आले नाहीत, आणि यांना वाटत होतं ती विसरली. आणि दोघंही रोज एकमेकांना सांभाळून घेत होती.

मी त्यांना सांगितलं. निरोप मी दिला नव्हता. आणि तिला विचारल्यावर, आलाच नाही म्हणालो होतो.

नामदेवरावांनी माझ्याकडे पाहिलं नाही. फोन त्यांच्या हातात होता, तो त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसला.

"म्हंजी बाईंना वाटायचं, मीच आलो न्हाई?"

"हो."

"समदी वर्षं?"

"हो."

"आन तरी रोज इचारायच्या," ते म्हणाले, "जेवलात का म्हनून."